विश्लेषण : परदेशात गाडी चालवली, आठ महिन्यांनी दंडाचे पत्र थेट सांगलीत! हे कसे होते?

माझे दाजी गाडी चांगली चालवतात. सांगली-पुणे रस्ता त्यांना पाठ आहे आणि वीस वर्षांत एकही अपघात नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ताई आणि ते इटलीला गेले. मिलानमध्ये भाड्याने गाडी घेतली. फ्लॉरेन्सच्या जुन्या शहरात हॉटेलच्या दारात सामान उतरवले आणि लगेच गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये नेऊन लावली. जेमतेम दहा मिनिटांचे काम.

नोव्हेंबरमध्ये क्रेडिट कार्डावरून काही युरो कापल्याचा मेसेज आला. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने 'प्रक्रिया शुल्क' लावले होते. दाजींना वाटले हाच दंड, विषय संपला. मे महिन्यात सांगलीच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला. खरा दंड त्यात होता.

'कोणी अडवलं नाही, एक पोलीस दिसला नाही, मग नियम मोडला कधी?' हा त्यांचा प्रश्न. उन्हाळी सुट्टीत किंवा दिवाळीत परदेशात जाऊन स्वतः गाडी चालवणारी मराठी कुटुंबे वाढत आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता एकट्या दाजींचा राहिलेला नाही. परदेशातले वाहतूक नियम नेमके कुठे चकवतात? आंतरराष्ट्रीय परवाना काढला की पुरते का? आणि तिकडून आलेला दंड भरला नाही तर काय?

फ्लॉरेन्समध्ये नेमके काय चुकले?

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झोना त्राफिको लिमितातो' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. बोलताना त्याला झेडटीएल म्हणतात. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, मिलान, सगळीकडे हा प्रकार आहे. तिथे राहणारे, परवानगी असलेले व्यावसायिक, टॅक्सी, बस यांनाच ठरलेल्या वेळेत आत जाता येते. या भागाच्या प्रत्येक प्रवेशावर कॅमेरा असतो. तो नंबर प्लेट वाचतो आणि परवानगीच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नंबर नसेल तर दंड. फाटक नाही, बॅरिकेड नाही, शिट्टी वाजवणारा हवालदार नाही.

पाटी असते. पांढऱ्या गोलाभोवती लाल कडा आणि खाली इटालियनमध्ये वेळा. गंमत म्हणजे ही पाटी आपल्याकडेही आहे आणि तिचा अर्थही तोच आहे : वाहनांना दोन्ही दिशांनी मनाई. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ती आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. पण आत काही चित्र नसलेला रिकामा गोल आपल्या रस्त्यांवर क्वचित दिसतो, म्हणून परीक्षेनंतर तो विसरला जातो.

खरा घोळ मात्र शेजारच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर होतो. त्यावर 'वार्को अत्तिवो' असे शब्द उमटतात. 'अत्तिवो' म्हणजे ॲक्टिव्ह, म्हणजे रस्ता सुरू आहे, असा अर्थ दाजींनी लावला. मीही तोच लावला असता. इंजिनीअरिंगची चार वर्षे आम्हाला ॲक्टिव्ह म्हणजे चालू हेच शिकवले. इथे 'चालू' आहे तो कॅमेरा! वार्को म्हणजे प्रवेशद्वार, आणि ते 'अत्तिवो' असताना निर्बंध लागू असतात. 'वार्को नॉन अत्तिवो' दिसले तर जाता येते. म्हणजे पाटी बरोबर वाचूनही माणूस बरोबर उलटा वागतो.

यावर सोपा उपाय होता. झेडटीएलमधली अनेक हॉटेले पाहुण्यांच्या गाडीचा नंबर महापालिकेला कळवून सामान उतरवण्यापुरती परवानगी मिळवून देतात. पण ते विचारावे लागते आणि नंबर वेळेत द्यावा लागतो. दाजींनी विचारले नाही, हॉटेलने सांगितले नाही.

दंड इतक्या उशिरा कसा पोहोचतो?

कॅमेऱ्यात नंबर आला की शहर पोलीस गाडीच्या मालकाला, म्हणजे भाड्याच्या कंपनीला विचारतात की त्या दिवशी गाडी कोणाकडे होती. कंपनी करारातले नाव आणि पत्ता देते आणि या कामाचे शुल्क तुमच्या कार्डावरून घेते. दाजींना आलेला पहिला मेसेज या शुल्काचा होता. त्याचा दंडाशी संबंध नाही आणि ते भरल्याने दंड सुटत नाही. गाडी घेताना सही केलेल्या बारीक अक्षरांच्या कागदात हे लिहिलेले असते.

त्यानंतर पत्र निघते. इटलीत राहणाऱ्यांना ते पाठवायची मुदत ९० दिवसांची आहे, परदेशात राहणाऱ्यांसाठी ३६० दिवसांची. म्हणून सहलीचे फोटो विसरायला झाल्यावर पत्र येते.

झेडटीएल मोडल्याचा दंड ८३ युरोपासून सुरू होतो, आजच्या दराने साधारण आठ-साडेआठ हजार रुपये. पत्र हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे ५८ युरोच्या आसपास. ६० दिवसांत भरला तर ८३. त्यापुढे गेले तर कमाल दंडाच्या, म्हणजे ३३२ युरोंच्या निम्मे : १६६. पत्र पाठवण्याचा खर्च या सगळ्यावर वेगळा.

आपली सवय इथे उलटी पडते. महाराष्ट्रात ई-चलन आले की बरेच जण ते तसेच ठेवतात, कारण लोकअदालतीत सवलत मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. थांबलेल्याचा फायदा होतो. इटलीत लवकर भरणाऱ्याला सूट आणि थांबणाऱ्याला दुप्पट. 'इटलीहून कोण येतंय सांगलीला वसूल करायला?' हा आमच्या घरातला पुढचा प्रश्न होता. कोणी दारात येणार नाही हे खरे. पण थकलेला दंड तिथल्या नोंदीत पाच वर्षे वसुलीयोग्य राहतो आणि ज्याला पुन्हा युरोपात जायचे आहे त्याने हा हिशेब उघडा ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आयडीपी होता ना, मग?

होता. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आपल्या आरटीओतून मिळते. 'सारथी' पोर्टलवर अर्ज, १००० रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. हे तुमच्या मूळ परवान्याचे अनेक भाषांतले, जगाने मान्य केलेल्या साच्यातले भाषांतर आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नाही आणि ते भारतात चालत नाही. पूर्वी राज्याराज्यांत त्याचे आकार-रंग वेगळे असायचे. ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने केंद्राने देशभर एकच नमुना केला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोडही त्यावर आणला. इंटरनेटवर 'इंटरनॅशनल लायसन्स तासाभरात' विकणारी खासगी संकेतस्थळे दिसतात. त्यांचे कार्ड कितीही चकचकीत असले तरी ते सरकारी आयडीपी नव्हे.

आयडीपी सांगते की तुम्हाला गाडी चालवता येते. तिथे ती कशी चालवायची याबद्दल ते काही सांगत नाही. आणि सगळीकडे ते चालतेच असेही नाही. भारत १९४९च्या जिनिव्हा करारानुसार आयडीपी देतो. जपानला नेमके याच कराराचे परमिट लागते, त्यामुळे तिथे आपले काम होते. चीनच्या मुख्य भूमीवर कोणतेच आयडीपी मानत नाहीत. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना कराराखाली दिलेले परमिट मानतो, म्हणजे आपल्या हातातले तिथे उपयोगाचे नाही.

व्हिएतनामचे मुद्दाम सांगतोय, कारण सध्या मराठी तरुणांच्या इन्स्टाग्रामवर हा गियांगच्या घाटातले बाइकवरचे व्हिडीओ धो-धो येत आहेत. दुकानदार पासपोर्टची झेरॉक्स घेऊन बाइक देतो, परवाना विचारतही नाही. बाइक मिळाली म्हणजे चालवण्याची परवानगी मिळाली असे नाही. १ जानेवारी २०२५पासून तिथे दंड कित्येक पटींनी वाढले आहेत. बाइकवरून लाल सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डाँग. आकडा ऐकून घाबरू नका, रुपयांत तो साधारण पंधरा ते वीस हजार होतो. घाबरायचे ते अपघाताला. वैध परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी सहसा हात वर करते. थायलंड, बालीतही हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने होते : परवान्यावर फक्त चारचाकीचा वर्ग आहे, आयडीपीवरही तोच छापला जातो, आणि माणूस स्कूटर घेऊन फिरतो.

पाटीच नसलेले नियम

पाटी चुकीची वाचणे एक वेळ समजू शकते. पण काही नियमांना पाटीच नसते, कारण तिथल्या प्रत्येकाला ते माहीत आहेत असे गृहीत धरलेले असते.

सगळ्यात धोक्याचा नियम उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याचा. जर्मनी, फ्रान्स, इटलीत जिथे सिग्नल किंवा प्राधान्याची पाटी नाही तिथे उजव्या बाजूने येणाऱ्या गाडीचा हक्क आधी. फ्रान्सच्या गावात तुम्ही रुंद रस्त्यावर असता, उजवीकडच्या बोळातून एक छोटी गाडी न थांबता समोर येते आणि बरोबर तीच असते! तुमच्या रस्त्यावर पिवळ्या चौकटीची पाटी असेल तरच प्राधान्य तुमचे. आपल्याकडे मोठा रस्ता, मोठी गाडी आणि मोठा हॉर्न असा क्रम आहे, त्यामुळे पाय ब्रेककडे जातच नाही. खरे तर १९८९च्या आपल्या रस्ता नियमावलीतही हेच होते : मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आपण तो कधी पाळलेला पाहिला नाही, एवढेच.

डिपरचेही तसेच. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'मी येतोय, थांब'. ब्रिटनचा हायवे कोड सांगतो की आपण इथे आहोत एवढे कळवण्यापुरताच तो वापरा, पण तिथले चालक सर्रास 'तू जा' म्हणण्यासाठी तो वापरतात. दोन उलटे अर्थ समोरासमोर आले की काय होईल ते सांगायला नको.

जर्मनीच्या ऑटोबानवर वेगमर्यादा नसते, ही आवडती दंतकथा. अर्धी खरी आहे : काही पट्ट्यांवर मर्यादा नाही, तिथेही १३० हा सुचवलेला वेग. पण तिथे उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे. आपल्या हिशेबात ते डावीकडून घुसण्यासारखे, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपण रोज करतो ते. शिवाय वाहतूक तुंबली की रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता गाड्या बाजूला होतात. सगळ्यात डावी रांग आणखी डावीकडे, बाकीच्या उजवीकडे आणि मध्ये मोकळी वाट. ही वाट न ठेवल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर वाहन चालवण्यास बंदी. आपल्याकडेही रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद २०१९पासून आहे, पण सायरन कानाशी आल्याशिवाय कोणी हलत नाही.

मद्याच्या बाबतीत मात्र आपला कायदा कडक निघतो. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इटली, जर्मनी, फ्रान्समध्ये ती ५०, इंग्लंडमध्ये ८०. म्हणून सवलत मिळाली असे समजू नका. परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर इटलीत मर्यादा शून्य आहे. संयुक्त अरब अमिरातीत ती सगळ्यांनाच शून्य. जपानमध्ये प्यायलेल्या चालकाच्या शेजारी जाणूनबुजून बसणाराही दोषी ठरतो आणि त्याला दारू देणाराही.

टोलनाका दिसला नाही म्हणजे टोल नाही?

फास्टॅगने आपल्याला नाक्याची सवय ठेवली आहे. मिलानजवळच्या पेदेमोन्ताना महामार्गावर नाका नाही, वरच्या कमानी नंबर टिपतात आणि टोल नंतर ऑनलाइन भरायचा. लंडनजवळ डार्टफर्डला टेम्स ओलांडताना दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत. मिलानहून स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला जाणाऱ्यांनी तर गाडी घेतानाच काचेवर स्विस 'विन्येत' आहे का ते पाहावे. हा महामार्गाचा वार्षिक पास ४० फ्रँकचा. तो नसेल तर २०० फ्रँक दंड, वर पास घ्यावा लागतोच.

वेगाचे गणित

'कॅमेऱ्याच्या आधी ब्रेक, नंतर पुन्हा ॲक्सिलरेटर' ही युक्ती इटलीच्या महामार्गांवर चालत नाही. तिथली 'तुतोर' यंत्रणा दोन कमानींमधले अंतर आणि तुम्हाला लागलेला वेळ यांचा भागाकार करते. सातवीचे गणित आहे, त्यातून सुटका नाही.

संयुक्त अरब अमिरातीत एकाच देशात दोन पद्धती आहेत. दुबईत पाटीवर १०० असेल तर रडारची सवलत २० किलोमीटरची, त्यामुळे तिथे राहणारे सगळे ती धरूनच चालवतात. अबुधाबीने ही सवलत ऑगस्ट २०१८मध्ये काढली. पाटीवर आहे तीच मर्यादा. दुबईहून अबुधाबीची मशीद पाहायला निघालेला पर्यटक वाटेतली हद्द ओलांडतो आणि सवय तीच ठेवतो.

स्वित्झर्लंडमध्ये तर ठरावीक रेषेपुढे हा दंडाचा विषयच राहत नाही. ३०च्या भागात ४० किलोमीटरने, ५०च्या भागात ५० किलोमीटरने मर्यादा ओलांडली तर २०१३पासून तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे, चार वर्षांपर्यंतचा. २०२३मध्ये न्यायाधीशांना किमान शिक्षेत थोडी मोकळीक दिली गेली. ३०च्या भागात ७० म्हणजे आपल्याकडच्या शाळेसमोरून जाणाऱ्या अनेक गाड्यांचा रोजचा वेग.

अमेरिकेत पोलिसांनी थांबवले तर?

खाली उतरू नका. आपल्याकडे गाडी बाजूला घेऊन, कागद हातात धरून साहेबांकडे चालत जाणे ही नम्रता समजली जाते. तिथे ती धमकी वाटू शकते. गाडीतच बसावे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि सांगितल्यावरच कागदांसाठी हात घालावा.

दुसरी गोष्ट पिवळ्या स्कूल बसची. तिचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागच्या गाड्यांप्रमाणे समोरून येणाऱ्यांनीही पूर्ण थांबायचे. मध्ये दुभाजक असेल तर काय, हे राज्यागणिक बदलते, कारण तिथे वाहतुकीचा कायदा राज्यांचा आहे. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळणे बहुतेक ठिकाणी चालते, न्यूयॉर्क शहरात चालत नाही.

शिकायला, नोकरीला गेलेल्यांचे काय?

पर्यटकाचा प्रश्न पैशांवर मिटतो. तिथे राहायला गेलेल्यांचा मिटत नाही. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर छोटी गाडी १२ महिने चालवता येते, आयडीपीचीही गरज नाही. पण परवाना थेट बदलून देण्याच्या यादीत भारत नाही. वर्ष संपायच्या आत तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मनीत राहायला गेल्यापासून ही मुदत सहाच महिन्यांची. अमिरातीत पर्यटक म्हणून आयडीपी चालते, रहिवासी व्हिसा लागला की स्थानिक परवाना लागतो.

मुदत उलटल्याचे कोणी कळवत नाही. गाडी तशीच चालते, विम्याचे हप्ते तसेच जातात. कळते ते अपघात झाल्यावर, जेव्हा कायद्याने तुम्ही विनापरवाना चालक ठरलेले असता आणि विमा लागू होत नाही. ब्रिटनमध्ये विना-विमा गाडी पोलीस जागेवर जप्त करू शकतात. मास्टर्सला गेलेल्या माझ्या बॅचच्या मुलांमध्ये 'सेकंडहँड गाडी घेतली' ही बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच येते. परीक्षेची तारीख घेतली का, हे मी हल्ली लगेच विचारतो.

निघण्याआधी काय पाहायचे?

सगळ्या देशाची नियमावली कोणी वाचत नाही, मीही वाचणार नाही. तिथल्या पाट्यांचा एक तक्ता मात्र पंधरा मिनिटांत पाहून होतो. मुक्काम जुन्या शहरात असेल तर हॉटेलला आधीच मेल करून गाडीबद्दल विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. गाडी ताब्यात घेताना काउंटरवर तीन प्रश्न : कोणत्या देशांत नेता येते, टोल कसा भरायचा, दंड आला तर तुमचे शुल्क किती. मॅप जवळचा रस्ता दाखवतो. तो तुमच्या गाडीला खुला आहे का, यासाठी त्याच्यावर विसंबू नये. आणि परत आल्यावर गाडीचा करार किमान वर्षभर फेकू नका. पत्रावरची तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर ताडून पाहायला तोच लागतो.

दाजींचा लिफाफा सोसायटीच्या वॉचमनने सही करून घेतला होता आणि तो चार दिवस त्याच्या टेबलावर पडून होता. वाचून, समजून घेईपर्यंत आणखी आठवडा गेला. पाच दिवसांची सूट हुकली. त्यांनी ८३ युरो आणि वरचा खर्च ऑनलाइन भरला. पत्रातला क्रमांक टाकल्यावर कॅमेऱ्याने काढलेला फोटोही दिसतो. त्यात नंबर प्लेट स्वच्छ दिसते आहे आणि मागच्या काचेतून ताईची लाल बॅगही.